हँगर परत रिकामं! ईव्ह ऑनलाइनमध्ये कॉर्प चालवताना वारंवार येणारा प्रॉब्लेम आणि आम्हाला सापडलेलं कारण

आधी प्रॉब्लेम सांगतो, बाकीचं मग. चार वर्षांत तिसऱ्यांदा, रात्री पावणेबाराला मी कॉर्पचं (गेममधल्या आमच्या गटाचं) हँगर, म्हणजे सामायिक गोदाम, उघडलं, डिव्हिजन (कप्पा) तीनवर क्लिक केलं, आणि जिथे आदल्या रात्री चौदा फिट केलेली जहाजं उभी होती तिथे दोन शटल आणि कुणी वापरत नाही असला थोडा दारूगोळा. बस. व्हॉइसवर सहा जण होते, पोह्यात बटाटा घालायचा की नाही यावर जोरदार भांडण चालू होतं, आणि मी गप्प, कारण या सहातलाच एक असू शकतो हे डोक्यात आलं आणि त्या क्षणापासून प्रत्येकाचा आवाज वेगळाच ऐकू यायला लागला.

ज्यांनी छोटी कॉर्प चालवलीय त्यांना ही फीलिंग माहीत असेल. ज्यांनी गेमच खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: ईव्ह ऑनलाइन हा आइसलंडच्या सीसीपीचा अंतराळातला गेम, मे २००३ पासून चालू आहे, चीनचा सर्व्हर सोडला तर जगातले सगळे एकाच विश्वात खेळतात, आणि आत खेळाडूंनी एखाद्याला फसवलं, लुबाडलं, दोन वर्षं मित्र म्हणून राहून तिजोरी साफ केली तरी ते नियमात बसतं. सपोर्टला तिकीट टाकून काही होत नाही. नियमात काय बसत नाही? गेममधला पैसा म्हणजे इस्क खऱ्या पैशाला विकणं, दुसऱ्याचं अकाउंट वापरणं, हॅकिंग, आणि खऱ्या आयुष्यातली धमकी. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

आमची कॉर्प लहान. चांगल्या दिवसांत तेवीस-चोवीस ॲक्टिव्ह मेंबर. बहुतेक पुणे, नागपूर, कोल्हापूरकडचे, दोघं दुबईत, आणि एक काका न्यू जर्सीला मुलाकडे राहतात, रिटायर्ड बँकवाले. गेमची घड्याळं यूटीसीवर, रोजचा डाउनटाइम अकराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, त्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही, पण आपली रात्र म्हणजे काकांची सकाळ, आणि काकांची रात्र म्हणजे आपली ऑफिसला निघायची वेळ. हे पण पुढे कामाला येतं.

पहिलं निदान, जे सगळेच करतात आणि जे चुकीचं निघालं: माणूस ओळखायला चुकलो.

पहिल्या चोरीनंतर मी तेच केलं. इंटरव्ह्यू कडक केले. नवीन माणूस आला की त्याच्या कॅरेक्टरची एम्प्लॉयमेंट हिस्टरी बघायची, ती सगळ्यांना दिसतेच, आधी कुठल्या कुठल्या कॉर्पमध्ये होता, किती दिवस टिकला. मग ईएसआयची (गेममधली माहिती बाहेरच्या टूलला दाखवायची सोय) परवानगी मागायची म्हणजे त्याचं वॉलेट, मेल, कॉन्टॅक्ट बघता येतात. किलबोर्ड, म्हणजे कुणी कुणाची जहाजं फोडली त्याच्या नोंदी, बघायचा. एकाला तर मी पाऊण तास प्रश्न विचारले, बिचारा म्हणाला दादा जॉबच्या इंटरव्ह्यूला पण इतकं विचारलं नव्हतं. आणि याचा उपयोग किती? जो खरंच ठरवून आलाय त्याचं दुसरं अकाउंट असतं, त्याची परवानगी तो देत नाही आणि ते आहे हे तुम्हाला कळतही नाही. आणि ज्या कॅरेक्टरला तुम्ही दहा वर्षं जुना समजताय तो परवा विकत घेतलेला असू शकतो, कॅरेक्टर बझार हा गेमचाच अधिकृत प्रकार आहे, नाव तेच राहतं, जुनी हिस्टरी तीच राहते, आत माणूस नवा. म्हणजे वाड्याच्या दारावरची पाटी बघून भाडेकरू ओळखण्यातला प्रकार.

आणि समजा माणूस खरंच चांगला निघाला, मग? दुसरी चोरी ज्याने केली तो दीड वर्ष आमच्यात होता. व्हॉइसवर त्याची आई जेवायला हाक मारायची तो आवाज आम्हाला सगळ्यांना पाठ होता. "आलो गं" म्हणायचा आणि पाच मिनिटं म्हणत अर्धा तास बसायचा. त्याला आम्ही डायरेक्टर (सीईओच्या खालोखाल, सगळे अधिकार असलेला) केलं, पाच महिने त्याने उत्तम काम केलं, आणि मग एका शनिवारी कॉर्प वॉलेटमधले सव्वातीन बिलियन आणि हँगरमधलं जे जे उचलण्यासारखं होतं ते घेऊन गेला. तो पहिल्या दिवसापासून चोर होता का? मला नाही वाटत. कंटाळला, काहीतरी बिनसलं, चावी हातात होती. एवढंच.

ज्यांना वाटतं हे लहान कॉर्पचं रडगाणं आहे त्यांनी मोठ्यांचं बघा. २००५ मध्ये गायडिंग हँड सोशल क्लब या भाडोत्री कॉर्पच्या लोकांनी एका कॉर्पमध्ये वर्षभर आधीपासून माणसं पेरली, ती वरच्या जागांवर पोचली, आणि ठरल्या वेळी सीईओचं जहाजही उडवलं आणि वेगवेगळ्या ठिकाणची हँगरंही एकदम साफ केली. फेब्रुवारी २००९ मध्ये बँड ऑफ ब्रदर्स, त्या काळातली सगळ्यात दबदबा असलेली अलायन्स (अनेक कॉर्पची युती), तिच्या एका डायरेक्टरने शत्रूशी संधान बांधलं आणि अलायन्सच बंद करून टाकली, बटण दाबून, आणि नाव परत घेता येऊ नये म्हणून त्या शत्रूने, गूनस्वॉर्मने, ते नाव स्वतःकडे रजिस्टर केलं. हजारो लोकांचं वर्षानुवर्षांचं राज्य, एका माणसाच्या हातातल्या अधिकारावर टेकलेलं. त्यांचे इंटरव्ह्यू आपल्यापेक्षा ढिले असतील असं कुणाला वाटतं का?

आता तिसरी वेळ, जिच्यामुळे हे लिहायला बसलो.

त्या रात्री मी लॉग चाळले आणि दिसलं की डिव्हिजन तीनचा टेक (माल काढायचा अधिकार) असलेले चार जण, त्यातला त्या दिवशी संध्याकाळी लॉगिन झालेला एकच, नागपूरचा पोरगा. पोरगा म्हणजे बावीस-तेवीसचा असेल. मी व्हॉइसवरच, सगळ्यांसमोर, विचारलं. विचारलं म्हणजे काय, आवाजच चढला होता. "जहाजं कुठेयत? सरळ सांग, नाहीतर आत्ता काढतो." शांतता. पोहे बंद. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला काल सांगितलं होतं ना, वॉर डिक्लेअर झालंय म्हणून तीन जंप पलीकडच्या स्टेशनला हलवतो म्हणून. तुम्ही हो म्हणालात." आणि मला आठवलं. म्हणजे पूर्ण नाही आठवलं, पण मुलीला खांद्यावर घेऊन झोपवत होतो, फोनवर डिस्कॉर्डचा मेसेज आला होता आणि मी अंगठा टाकला होता हे आठवलं.

चौदाच्या चौदा जहाजं त्याने अर्ध्या तासात शून्य इस्कच्या कॉन्ट्रॅक्टवर कॉर्पच्या नावे परत पाठवली. एक दारूगोळ्याची पेटी पण कमी नाही. आणि मग कॉर्प सोडली.

दोन खऱ्या चोऱ्यांत मिळून आमचं जे गेलं ते सहा आठवड्यांत भरून निघालं होतं. या न झालेल्या चोरीनंतर महिनाभरात पाच जण गेले. कुणी काही बोललं नाही, हळूच लॉगिन कमी झाले. का नाही होणार, उद्या आपल्यावरही असाच आवाज चढेल हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

तर खरं कारण. हे मी नाही शोधलं, काकांनी शोधलं.

मी त्यांना रविवारी सकाळी (त्यांची शनिवार रात्र) सगळं रडत सांगत होतो की काका आता मी कुणालाच रोल (अधिकार) देणार नाही, सगळं लॉक. ते ऐकून घेत होते आणि मग म्हणाले, "अरे बाबा, चोरी कधी झाली ते मला नको सांगूस. चावी कधी दिलीस ते लिहून दे." म्हटलं म्हणजे? "म्हणजे तारखा. कुठल्या माणसाला कुठला रोल कुठल्या तारखेला दिलास. आणि शेजारी त्या आठवड्यात तुझ्या घरी काय चाललं होतं ते."

मेंबर्समध्ये ऑडिटिंग म्हणून भाग आहे, थोडं तिथून, थोडं जुन्या डिस्कॉर्डच्या मेसेजवरून, तासाभरात यादी झाली. मी सीएच्या ऑफिसात काम करतो. पहिल्या चोराला हँगरचा टेक दिला तारीख २८ मार्च. इयर एंड. दुसऱ्याला डायरेक्टर केलं, मुलगी झाली त्याच्या नवव्या दिवशी. नागपूरच्या पोराला आणि बाकी तिघांना डिव्हिजन तीन एका रात्रीत उघडून दिलं, गणपतीत, पाहुणे घरात असताना, कारण कुणीतरी दर दहा मिनिटांनी "दादा एक जहाज काढून द्या ना" म्हणत होतं. पूर्ण यादीत अकरा वेळा मी कुणाला तरी मोठा रोल दिला होता आणि त्यातल्या नऊ वेळा मी दमलेला होतो. त्या माणसाची लायकी, त्याचं काम, त्याचा स्वभाव, यातलं काहीही मी त्या वेळी तपासलं नव्हतं, तो फक्त त्या रात्री ऑनलाइन होता.

म्हणजे आमची सायकल अशी: मी दमतो, जो समोर आहे त्याला चावी देतो, काहीतरी जातं (किंवा गेल्यासारखं वाटतं), मी चिडतो, सगळं लॉक करतो, मग रात्री दहाला नव्या पोराला इंटरसेप्टर (छोटं वेगवान जहाज) पाहिजे असतं आणि रोलवाला कुणीच ऑनलाइन नसतो कारण मी मुलीला झोपवतोय आणि काका तिकडे नातवाला शाळेतून आणायला गेलेत, पोरं जिटाला (गेममधल्या मुख्य बाजारात) जाऊन स्वतःच्या पैशाने जहाज घेतात, मग म्हणतात कॉर्प कशाला पाहिजे, आणि उरलेल्या चार जणांचं काम परत माझ्यावर, मी परत दमतो. लॉक करणं हा उपाय नव्हताच, तो आजाराचाच दुसरा भाग होता. चोरीत माल जातो, लॉकमध्ये माणसं जातात.

तुमच्याकडेही असं वारंवार होत असेल तर बाकी काही करायच्या आधी ही तारखांची यादी करा, खोटं न लिहिता. काहींचं कारण वेगळं निघेल. आमच्या ओळखीच्या एका कॉर्पमध्ये निघालं की सीईओ रोल बक्षीस म्हणून देतो, कुणी नाराज झालं की डायरेक्टर, सात डायरेक्टर झाले होते त्यांच्याकडे, अख्खी कॉर्प एकोणीसची.

आता आम्ही काय बदललं ते. सगळं जसंच्या तसं उचलू नका, तुम्ही नलसेकमध्ये (गेमचे पोलीस नसलेल्या भागात) असाल तर हिशोब वेगळा.

सगळ्यात आधी काकांचं वाक्य, जे मला पटायला दोन दिवस लागले. "बँकेत कॅशियर चोर आहे का हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याच्या काउंटरवर कॅश किती राहील हे ठरवतात." आम्ही हिशोब केला की कॉर्प टॅक्स आणि मायनिंग मिळून दोन आठवड्यांत आम्ही साधारण दीड बिलियन परत उभं करू शकतो. मग नियम तोच: एका माणसाच्या हाताला एका रात्रीत दीड बिलियनपेक्षा जास्त काही लागता कामा नये. मग ते माझं रोजचं कॅरेक्टर असो, काका असोत, कुणी असो. हे केल्यावर एक गंमत झाली, माणसाबद्दल शंका घ्यायची गरजच कमी झाली. आपल्या गणपती मंडळात खजिनदारावर संशय आहे म्हणून चेकवर दोन सह्या लागतात असं कुणी समजत नाही, पद्धतच तशी असते. गेममध्ये दोन सह्यांची सोय नाही, म्हणून रक्कमच छोटी ठेवायची.

हँगरच्या सात डिव्हिजन असतात, वॉलेटच्याही सात, बहुतेक लहान कॉर्प त्यातली एक-दोन वापरतात आणि बाकीत कचरा. आम्ही डिव्हिजन एक सरळ उघडी टाकली, आलेल्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना टेक, आत स्वस्त फ्रिगेट, गोळ्या, ड्रोन, नव्यांच्या स्किलबुक. इथून चोरी होणारच, ती धरूनच चाललोय, लग्नात जेवणाची पानं मोजताना दहा जास्त धरतात तसं. दोन आणि तीनमध्ये फ्लीटची जहाजं पण अर्धी अर्धी, आणि ज्याला दोनचा टेक त्याला तीनचा नाही. सातमध्ये महागडं, तिथे फक्त सीईओ.

इथे एक खड्डा आहे ज्यात आम्ही पहिल्यांदा पडलो होतो, तो नीट सांगतो. हँगरचा टेक आणि क्वेरी (नुसतं बघायचा अधिकार) हे रोल तीन ठिकाणांसाठी वेगवेगळे असतात: हेडक्वार्टर, बेस, आणि इतर. तुम्हाला वाटतं मी फक्त आमच्या मेन स्टेशनपुरता टेक दिला, पण चुकून "इतर"मध्ये टिक केलं की बाकी जिथे जिथे कॉर्पचं ऑफिस आहे तिथलं त्या डिव्हिजनचं सगळं उघडं. पहिल्या चोराने असंच केलं होतं, मेन स्टेशनचं काही घेतलंच नाही, आम्ही विसरून गेलो होतो त्या जुन्या ऑफिसातून माल उचलला, आणि आम्हाला कळायला आठवडा लागला. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं! आज आत्ता उठा आणि प्रत्येक मेंबरचा "इतर"चा कॉलम बघा. रोल माणसाला सुटे सुटे द्यायचेच नाहीत, टायटल बनवायचं, टायटलला रोल लावायचे, माणसाला टायटल द्यायचं, म्हणजे काढताना एकच गोष्ट काढायची आणि कुठे काही चिकटून राहत नाही.

महागडे मॉड्यूल (जहाजावर बसवायची उपकरणं) आणि पॅक केलेला माल ऑडिट लॉग कंटेनरमध्ये ठेवा. कुणी काय कधी काढलं याची नोंद राहते. फिट केलेलं जहाज त्यात जात नाही, पॅक करायला गेलात तर रिग (जहाजात कायमचे बसवलेले भाग) जातात, म्हणून जहाजांचं उत्तर हे नाही, जहाजांचं उत्तर वर सांगितलं ते, अर्धी अर्धी. पण मॉड्यूलचं तरी "मला वाटलं त्याने घेतलं" हे बंद होतं. नुसतं वॉलेट बघायचं असेल त्याला ज्युनियर अकाउंटंट द्या, बघता येतं, काढता येत नाही. फ्रेंडली फायर (कॉर्पमधल्यांनी एकमेकांवर गोळीबार करायची मुभा) बंद करून ठेवा, सेटिंग बदललं की लागू व्हायला २४ तास लागतात, म्हणून गरज पडल्यावर नाही, आजच.

डायरेक्टर. यावर सगळ्यात जास्त वाद झाला आमच्यात. डायरेक्टर म्हणजे सगळे रोल आपोआप, सगळी हँगरं, सगळी वॉलेटं, आणि एका डायरेक्टरला दुसरा डायरेक्टर काढू शकत नाही, सीईओच लागतो. म्हणजे तुम्ही कोकणात लग्नाला गेलात, रेंज नाही, आणि डायरेक्टर बिथरला, तर बाकीचे नुसते बघत बसणार. आता आमच्याकडे रोजच्या कॉर्पमध्ये डायरेक्टरच नाही. सीईओ हे माझं एक वेगळं कॅरेक्टर, ज्याने मी रोज खेळत नाही. आणि दोन अथानॉर (खाणकामाची स्टेशनं) आहेत त्या वेगळ्या होल्डिंग कॉर्पच्या नावावर, तिच्यात फक्त मी आणि काका. कुणी कितीही चिडला तरी स्टेशनं हातात नाहीत.

मग प्रश्न येतो की हे सगळं दोघांच्याच हातात, तर दोघं गायब झाले तर? हा प्रश्न चोरीइतकाच मोठा आहे आणि याच्याकडे कुणी बघत नाही. जानेवारी २०१४ मधली बी-आर५आरबी या सिस्टिममधली (एका ताऱ्याभोवतीच्या इलाख्यातली) लढाई, ७५ टायटन (गेममधली सगळ्यात मोठी जहाजं) गेले, खऱ्या पैशात तीन लाख डॉलरच्या वर नुकसान मोजलं गेलं, ती सुरू कशी झाली? गद्दारी नाही, हेर नाही. सिस्टिमच्या मालकीचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. बिल! सोसायटीचं लाइट बिल सेक्रेटरी विसरला आणि लिफ्ट बंद पडली, तसलं. लहान लोकांसाठी ही गोष्ट म्हणजे फ्युएल. मे २०२० पासून सात दिवस फ्युएल नसेल तर स्ट्रक्चर (खेळाडूंचं स्टेशन) अबँडन्ड, म्हणजे बेवारस, होतं, आणि मग ते फोडलं तर ॲसेट सेफ्टी (आतला माल वाचवायची सोय) लागू नाही, आतला सगळ्यांचा माल फोडणाऱ्यासमोर सांडतो. एक आठवडा डेंग्यूने झोपलात की झालं. म्हणून चावी दोघांकडे पाहिजेच, आणि पासवर्ड देऊन नाही, अकाउंट शेअर करणं नियमात नाही, दुसऱ्याचं स्वतःचं कॅरेक्टर पाहिजे. काका का? ते सज्जन आहेत म्हणून नाही (आहेत, पण तो मुद्दा नाही). त्यांचा स्वतःचा माल त्याच अथानॉरमध्ये पडलाय, माझ्यापेक्षा जास्त.

आता दमण्याचं काय? तांत्रिक भाग सोपा होता, हा अवघड गेला. दोन नियम केलेत. एक, रात्री नऊनंतर कुठलाही रोल द्यायचा नाही, मागणी आली तर रविवारपर्यंत थांबायचं, रविवारी संध्याकाळी व्हॉइसवर कमीत कमी तिघं असताना द्यायचा. सुरुवातीला पोरं कुरकुरली, पण डिव्हिजन एक उघडी असल्यामुळे कुणाचं काही अडत नाही. दुसरा, दर दोन महिन्यांनी सगळ्यांचे रोल उतरतात, माझ्या रोजच्या कॅरेक्टरचे पण, आणि ज्याला पाहिजे त्याने परत मागायचे. ही पण काकांची बँकेतली कल्पना, तिथे नाजूक जागेवरच्या माणसाला अचानक सक्तीची रजा देतात, त्या दिवसांत खाली काय लपवलंय ते वर येतं. आमच्याकडे लपवलेलं काही वर आलं नाही, उलट तिघांनी परत मागितलेच नाहीत, म्हणाले बरं झालं सुटलो. तोपर्यंत आम्हाला माहीतच नव्हतं की ते पण दमलेत.

आणि खरंच चोरी झालीच तर त्या पहिल्या तासाचं. आता आमच्यात ठरलंय की ज्याला कळेल त्याने व्हॉइसवर काही बोलायचं नाही. आधी चाव्या: संशयिताच्याच नाही, त्या डिव्हिजनचा टेक असलेल्या सगळ्यांच्या एकाच वेळी काढायच्या, म्हणजे कुणी आरोपी ठरत नाही. मग वॉलेट जर्नल, मग कॉन्ट्रॅक्ट, मग बाकीची ऑफिसं बघायची, वॉर चालू असेल तर जवळच्या स्टेशनात माल हलवलाय का, डिस्कॉर्डवर शब्द टाकून सर्च करायचं, स्वतःने टाकलेले अंगठे पण. हे सगळं झाल्यावर त्या माणसाला एकट्याला, खाजगीत, "माल कुठे दिसत नाहीये, तुला काही माहितीये का" एवढंच. मी हे चार वर्षांपूर्वी केलं असतं तर...

खरंच गेला असेल तर जाऊ द्या. त्याला शोधून काढणं, त्याच्या फेसबुकवर जाणं, बघून घेतो म्हणणं, हे चुकूनही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्कल ऑफ टू या मोठ्या अलायन्सचा माल आणि स्टेशनं त्यांच्याच विश्वासू माणसाने शत्रूला देऊन टाकली, आणि नेत्याने रागाच्या भरात चॅटमध्ये खऱ्या हातापायावर उठण्याची भाषा केली. बॅन कोण झाला? नेता. ज्याने विश्वासघात केला त्याने गेमचा एकही नियम मोडला नव्हता. २००९ मध्ये ईबँक या खेळाडूंनीच चालवलेल्या बँकेच्या प्रमुखाने सुमारे २०० बिलियन इस्क उचलले, त्यालाही चोरीबद्दल काही झालं नाही, ते इस्क खऱ्या पैशाला विकले म्हणून बॅन झाला.

त्याऐवजी आम्ही एक नोंद लिहितो, सगळ्यांना दिसेल अशी. काय गेलं, कुठल्या रोलमुळे जाऊ शकलं, तो रोल कुणी दिला. चोराचं नाव सगळ्यात शेवटी, एका ओळीत. मागच्या तिन्ही प्रकरणांच्या नोंदी मी नंतर बसून लिहिल्या आणि तिन्हीत "रोल कुणी दिला"समोर माझं नाव आहे. तिसरीत चोराच्या ओळीत "चोरी झालीच नाही" असं लिहिलंय आणि खाली माफी. त्या पोराला वेगळा मेल पण केला गेममध्ये, लांबलचक, चार वेळा खोडून. उत्तर आलं नाही. दीड महिन्यांनी एक कॉन्ट्रॅक्ट आलं, शून्य इस्क, आत एक शटल, शटलचं नाव ठेवलं होतं "पंधरावं जहाज". परत काही तो आमच्यात आला नाही, दुसरीकडे बरा रमलाय असं कळतं. शटल डिव्हिजन सातमध्ये ठेवलंय.

हे सगळं करून आता दहा महिने झाले. ॲक्टिव्ह मेंबर नऊवर गेले होते ते सतरा झालेत. चोरी थांबली का? नाही. मागच्या मंगळवारी, दोन दिवसांपूर्वी आलेल्या एकाने डिव्हिजन एकमधली सहा फ्रिगेट आणि सगळ्या स्किलबुक उचलल्या आणि लोकल चॅटमध्ये काहीतरी शिव्या टाकून गेला. कोल्हापूरच्याने बघितलं, म्हणाला "आयला, भूक लागलीवती वाटतं," आणि दोघांनी मिळून वीस मिनिटांत परत भरलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही, कुणाकडे उपाय असेल तर सांगा. यंदा दिवाळीत मी गावी असणार आणि काका त्याच आठवड्यात भारतात येतायत, म्हणजे दोन्ही चाव्या एकदम प्रवासात. सध्या चाळीस दिवसांचं फ्युएल आधीच भरून ठेवायचं ठरवलंय. तिसरी चावी द्यावी असं अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे, आणि कुणाला द्यायची ते मी आत्ता ठरवत नाहीये, कारण हे लिहिता लिहिता रात्रीचा एक वाजलाय.